ट्रेलरच्या चाकाला कुठलं ग्रीस, कुलपाला कुठलं तेल

हडपसरला सोलापूर रस्त्याच्या कडेला माझ्या वडिलांचा ट्रक ग्रीसिंगचा खड्डा होता. शाळा सुटली की मी तिथेच. आण्णा खाली उतरायचे, मी वरून ग्रीसगन द्यायची. बुशमधून, म्हणजे सांध्यातल्या नळकांड्यातून, नवं ग्रीस डोकावलं की ते "बास" म्हणायचे, आणि बाहेर आलेलं जुनं काळं ग्रीस बोटावर घेऊन उन्हात धरायचे. त्यात चकाकणारे कण दिसले की म्हणायचे, "बघ पोरी, बुश खातंय."

आता आमच्याकडे १२ फुटी कॅम्पर ट्रेलर आहे. बोलेरोमागे जोडून आम्ही दोघं दिवेआगरला जातो, थंडीत भिगवणला. एरवी तो धायरीला माझ्या दिरांच्या प्लॉटवर उभा असतो. ट्रेलरला इंजिन नाही म्हणून त्याला काही लागत नाही, असं पुष्कळांना वाटतं. पण चाकं, जोडणीचा गोळा, जॅक, पायरी, खिडक्या, कुलपं, सगळं हलतं आणि त्यातलं बरंचसं महिनोन्महिने उभं राहून मगच हलतं. एकच डबा घेऊन सगळीकडे फासला तर निम्म्या जागी नुकसान होतं.

सुरुवात चाकाच्या बेअरिंगपासून करते, कारण इथली चूक घाटात भोवते. दोन वर्षांपूर्वी दिवेआगरहून परत येताना ताम्हिणीत डाव्या चाकातून करपल्यासारखा वास आला. उतरून पाहिलं तर टायरच्या आतल्या अंगाला ग्रीसचे ओघळ. चूक माझी होती. ट्रेलर बनवणाऱ्याने भरलेलं ग्रीस लाल होतं, माझ्या डब्यातलंही लाल, म्हणून मी जुनं न काढता वरून भर घातली. ग्रीसचा रंग हा नुसता मिसळलेला रंग असतो, त्यावरून जात कळत नाही. ग्रीस म्हणजे तेल आणि ते धरून ठेवणारा साबणासारखा घट्ट पदार्थ. हा पदार्थ कुठे लिथियमचा असतो, कुठे कॅल्शियमचा, कुठे चिकणमातीचा. न जुळणाऱ्या दोन जाती एकत्र आल्या की घट्टपणा मोडतो आणि तेल सुटून वाहू लागतं. तेव्हापासून माझा नियम असा: आधी काय भरलंय ते ठाऊक नसेल, तर सगळं धुऊन काढायचं.

नाना पेठेत स्पेअर पार्टच्या दुकानात "ग्रीस द्या" म्हटलं की बहुतेक वेळा एपी-३ हातात येतं. ते लिथियमचंच असतं आणि ट्रकच्या चाकांना वर्षानुवर्षं चाललंय, वाईट नाही. पण मी लिथियम कॉम्प्लेक्स, २ नंबर घेते. नंबर हा घट्टपणाचा: २ म्हणजे श्रीखंड, ३ म्हणजे चक्का. साधं लिथियम ग्रीस साधारण १९० अंशांच्या आसपास वितळून थेंब सोडतं, कॉम्प्लेक्स २५० च्या पुढे टिकतं. प्रत्यक्ष वापरात दोन्हींना याच्या बरंच खाली ठेवावं लागतं, पण घाट उतरताना ब्रेकची उष्णता हबपर्यंत, म्हणजे बेअरिंग बसतं त्या चाकाच्या मधल्या भागापर्यंत, पोचते तेव्हा हा फरक कामी येतो. सगळ्यात स्वस्त मिळतं ते कॅल्शियमचं चेसिस ग्रीस. पाण्याला ते पक्कं असतं, पण १०० अंशांच्या आसपासच हात टेकतं. स्प्रिंगचे पाटे आणि ते लटकवणाऱ्या शॅकल पिनांना चालेल, चाकात नको. याच कॅल्शियमच्या घराण्यातलं कॅल्शियम सल्फोनेट मात्र उष्णता आणि खारं पाणी दोन्ही सोसतं. समुद्रकाठी सारखं जाणं असेल तर शोधून घ्यावं, अर्थात आधी जुनं पूर्ण काढूनच.

हे काम मी वर्षातून एकदा, खंडेनवमीच्या आधीच्या रविवारी करते. दसऱ्याला गाडीला झेंडूचा हार घालायचा तर आतूनही ती स्वच्छ असावी, हे आण्णांचंच. पावसाळा संपलेला असतो, त्यामुळे पाणी शिरलं असेल तर तेव्हाच कळतं: ग्रीस दुधाळ, राखाडी झालेलं असतं. ट्रेलर गाडीला जोडून ठेवते, दुसऱ्या चाकाला ओट, म्हणजे अडसर, लावते, ॲक्सलखाली स्टँड घेते. टोपी, स्प्लिट पिन, कॅसल नट, वॉशर काढून हब ओढला की बाहेरचं बेअरिंग हातात येतं. आतलं काढायला ऑइल सील उपटावं लागतं, ते परत बसवू नका, नवं आणा. बेअरिंग डिझेलमध्ये ब्रशने धुवायचं, मग पूर्ण कोरडं होऊ द्यायचं. हवेच्या प्रेशरने ते गरगर फिरवायचा मोह आवरा. कोरडं बेअरिंग तसं फिरवलं तर खरवडतं, आणि रोलर सुटून उडाला तर डोळा जाईल. रोलर निळसर पडले असतील किंवा कपवर, म्हणजे रोलर ज्यावर फिरतात त्या हबमधल्या कड्यावर, टोचे दिसत असतील, तर बेअरिंग आणि कप जोडीनेच बदला.

भरायची रीत खड्ड्यावरचीच. डाव्या तळहातावर लिंबाएवढा गोळा घ्यायचा, बेअरिंगची रुंद कड त्यावर दाबत ओढायची, वरच्या फटींतून ग्रीस बाहेर येईपर्यंत, आणि असं पूर्ण वर्तुळ. वरून फासलेलं ग्रीस आत जात नाही. हबची पोकळी ठासून भरू नका, फुगलेलं ग्रीस सीलमधून ब्रेकवर जातं. ब्रेक ड्रमला ग्रीसचा हात लागला तर तिथल्या तिथे ब्रेक क्लीनरने पुसा. नट आवळताना हब फिरवत राहायचं, घट्ट झाला की सैल करून पुन्हा फक्त बोटांनी टेकवायचा आणि नवी स्प्लिट पिन घालायची. जिथे ट्रेलर बनवणाऱ्याने वेगळं मोजमाप दिलं असेल तिथे त्याचंच ऐका.

जोडणीचा गोळा, म्हणजे टो बॉल, याबाबत आधी आपली जोडणी बघा. साधी असेल तर गोळ्यावर लिथियम ग्रीसचा पातळ हात. दर सहलीआधी जुनं पुसून नवं, कारण त्यात बसलेली धूळ म्हणजे पॉलिश पेपरच. पण डुलणं थांबवण्यासाठी घर्षणाच्या पट्ट्या असलेली जोडणी असेल, तर गोळा कोरडा ठणठणीत हवा. तिथे ग्रीस लावलं की पट्ट्यांची पकडच जाते.

पाट्यांच्या बुशांचंही तसंच. पितळी बुश आणि ग्रीस निप्पल असेल तर नवं ग्रीस दिसेपर्यंत पंप करा. नायलॉनचे बुश असतील तर ते कोरडेच चालतात. जळकं इंजिन ऑइल पाट्यांवर ओतायची पद्धत आपल्याकडे आहे. मी करत नाही. ते टायरवर आणि ब्रेकवर उडतं, आणि जिथे ठिबकतं ती जमीन वाया जाते.

पुढच्या जॅकच्या आतल्या आट्यांना ग्रीस लागतं, तो झाकलेला असतो. कोपऱ्यांचे चार जॅक आणि घडीची पायरी उघड्यावर चाकांच्या धुळीत असतात, तिथे ग्रीस लावलं की एका खेपेत मातीचा लगदा. तारेच्या ब्रशने घासून टेफ्लॉनचा ड्राय स्प्रे मारते. तो सुकतो, चिकट राहत नाही. ऑनिंगच्या, म्हणजे बाहेर उघडणाऱ्या कापडी छपराच्या, बाह्यांना आणि ड्रॉवरच्या रुळांनाही हाच.

रबर हे वेगळंच प्रकरण. दार-खिडक्यांचं रबर बहुधा ईपीडीएमचं असतं, ते खनिज तेलाने फुगतं आणि मऊ पडतं. तिथे फक्त सिलिकॉन, तेही फडक्यावर घेऊन. थेट फवारू नका, कारण ॲक्रेलिकच्या खिडकीला स्प्रेमधलं द्रावण लागलं तर बारीक तडे जातात. पोर्टेबल टॉयलेटच्या सीललाही सिलिकॉनच.

कुलपात तेल घालू नका. तेल, धूळ आणि पावसाळी दमटपणा यांची आत खळ होते. ग्रॅफाइट पावडर किल्लीला चोळून चार वेळा फिरवली की पुरते. बिजागऱ्यांना शिवणयंत्राचं तेल, एकेक थेंब. माझ्या सासूबाई खोबरेल सुचवतात. पण ते २४ अंशांच्या खाली गोठतं आणि आपल्याकडे जानेवारीतली पहाट १० अंशांवर येते. शिवाय ते जुनं झालं की चिकट होतं. डब्ल्यूडी-४० सारखा स्प्रे माझ्याकडेही आहे, गंजलेला नट सोडवायला आणि पाणी हटवायला. १९५३ साली तो बनला तोच पाणी हटवण्यासाठी, चाळिसाव्या प्रयत्नात, नावातला आकडा तिथून आला. बेअरिंगमध्ये तो मारला तर असलेलं ग्रीस धुऊन निघेल.

लाइटच्या प्लगच्या पिनांना डायलेक्ट्रिक ग्रीस, बॅटरीच्या टर्मिनलना पेट्रोलियम जेली. गॅसच्या रेग्युलेटरला आणि नळीला मात्र कशाचाही थेंब नको.

सगळं झालं की पहिल्याच दिवशी लांब जाऊ नका. आम्ही चांदणी चौकातून पौडपर्यंत जातो, चहाला थांबतो, आणि मी दोन्ही हबजवळ हात नेते, आधी लांबूनच, मग टेकवून. दोन्ही सारखे कोमट असतील तर ठीक. एक दुसऱ्यापेक्षा फार गरम लागला, तर नट जास्त आवळला गेलाय किंवा ब्रेक धरतोय. तिथेच जॅक लावून बघते आणि कारण सापडेपर्यंत घाटाकडे वळत नाही.