एकच शब्द, कधी नाम तर कधी क्रियापद: इंग्रजी वाक्यात तो कसा ओळखावा

इंदूरमधील मराठी घरांत वाढणारी मुले घरी मराठी, बाजारात हिंदी आणि शाळेत इंग्रजी वापरतात. यांपैकी पहिल्या दोन भाषांत एक सोय सारखीच आहे: परका शब्द आला की त्याला 'करणे' किंवा 'करना' जोडायचे आणि क्रियापद तयार करायचे. 'तिकीट बुक केले' आणि 'टिकट बुक किया' ही दोन्ही वाक्ये याच पद्धतीने बनली आहेत. इंग्रजीत मात्र 'बुक' हा शब्द पुस्तक या अर्थाने नाम आणि आरक्षण करणे या अर्थाने क्रियापद आहे, व त्यासाठी त्याला कशाचीही जोड लागत नाही. ही गोष्ट ध्यानात न आल्यामुळे 'आय डिड फोन टु माय अंकल' अशी वाक्ये लिहिली जातात. 'आय फोन्ड माय अंकल' एवढेच पुरेसे असते.

जुन्या इंग्रजीत नामाचे आणि क्रियापदाचे प्रत्यय निरनिराळे होते. मध्ययुगात ते झिजत गेले आणि प्रेम हे नाम व प्रेम करणे हे क्रियापद, दोन्ही 'लव्ह' या एकाच रूपात उरली. मराठीत प्रत्यय शाबूत असल्यामुळे 'खेळात', 'खेळाला' हे नाम आणि 'खेळतो', 'खेळली' हे क्रियापद, हे शब्द पाहताच कळते. इंग्रजीत ही ओळख बहुतेक वेळा शब्दाच्या अंगावर नसून वाक्यातील त्याच्या जागेवर असते. म्हणून शब्दाचा अर्थ आठवण्यापूर्वी त्याचे शेजारी पाहावेत.

आधी 'अ', 'द', 'माय', 'धिस' यांपैकी काही असेल, किंवा एखादे विशेषण असेल, तर तो शब्द नाम समजावा: 'अ लाँग वॉक'. आधी कर्ता असेल, किंवा 'विल', 'कॅन', 'मस्ट', 'डिड नॉट' असे साहाय्यक शब्द असतील, तर ते क्रियापद होय: 'वुई विल वॉक'. 'टु' मात्र फसवतो, कारण तो दोघांच्याही आधी येतो. 'ही गोज टु वर्क' आणि 'ही वॉन्ट्स टु वर्क' या वाक्यांत 'वर्क'च्या आधी 'हिज' घालून पाहावे. पहिले वाक्य टिकते, म्हणून तेथे ते नाम आहे. दुसरे मोडते, म्हणून तेथे ते क्रियापद आहे. शेवटी लागणारा 'एस'ही असाच दुहेरी आहे: नामावर तो अनेकवचन दाखवतो आणि क्रियापदावर एकवचनी कर्ता.

वृत्तपत्रांच्या मथळ्यांत 'अ' आणि 'द' गाळलेले असल्यामुळे ओळखणे अवघड जाते. 'वॉटर प्लॅन्स फेस कट्स' असा मथळा घ्या. यातील चारही शब्द नाम म्हणूनही चालतात आणि क्रियापद म्हणूनही. अशा वेळी प्रथम वाक्याचे मुख्य क्रियापद शोधावे. पाणी योजना आखू शकत नाही, म्हणून 'प्लॅन्स' हे क्रियापद नव्हे. 'प्लॅन्स' हे अनेकवचनी नाम धरले की पुढच्या 'फेस'ला 'एस' नाही हे जुळते, आणि अर्थ लागतो: पाणी योजनांवर कपातीची वेळ आली आहे.

ओळखण्यापेक्षा स्वतः लिहिताना अधिक चुका होतात, आणि त्यांचे मूळ आपल्या 'ला' या प्रत्ययात आहे. आपण राजवाड्याला भेट देतो, प्रश्नाला उत्तर देतो. त्या 'ला'साठी 'टु' घालून 'वुई व्हिजिटेड टु राजवाडा' असे लिहून मोकळे होतो. नियम असा ठेवावा की यांसारख्या शब्दांत नामाला शब्दयोगी अव्ययासारखा दुवा लागतो, पण क्रियापद थेट कर्म घेते. 'अ व्हिजिट टु राजवाडा', परंतु 'वुई व्हिजिटेड राजवाडा'. 'अ‍ॅन आन्सर टु द क्वेश्चन', परंतु 'आन्सर द क्वेश्चन'. 'द डिमांड फॉर वॉटर', परंतु 'दे डिमांडेड वॉटर'. रजेच्या अर्जातील 'आय रिक्वेस्ट फॉर लीव्ह' हे वाक्यही याच कारणाने सदोष आहे. तेथे 'आय रिक्वेस्ट लीव्ह' हवे. माझ्या मते वर्गात सर्वाधिक वेळ याच भागाला द्यावा, कारण परीक्षेतही आणि पुढे कार्यालयातही हीच चूक पहिली डोळ्यांत भरते. 'रिप्लाय' आणि 'टॉक' मात्र क्रियापद असतानाही 'टु' घेतात, हे वेगळे लक्षात ठेवावे लागते.

उच्चारातही फरक पडतो. 'रेकॉर्ड', 'परमिट', 'ऑब्जेक्ट', 'एक्स्पोर्ट' ही नामे असताना जोर पहिल्या अवयवावर, म्हणजे एका दमात उच्चारल्या जाणाऱ्या शब्दाच्या पहिल्या तुकड्यावर, येतो आणि क्रियापदे असताना दुसऱ्यावर. 'रिपोर्ट' व 'आन्सर' यांचा उच्चार बदलत नाही. 'यूज' हे नाम असताना त्याच्या शेवटी 'स' ऐकू येतो, क्रियापद असताना 'झ'. आपल्याकडे शिकवल्या जाणाऱ्या ब्रिटिश लेखनपद्धतीत 'प्रॅक्टिस'मध्ये हा भेद केवळ अक्षरात दिसतो: नामात 'सी', क्रियापदात 'एस'.

एखादा शब्द दोन्ही कामे करतो की नाही, हे लिहिण्यापूर्वी कोशात पाहावे. तेथे 'एन' म्हणजे नाम आणि 'व्ही' म्हणजे क्रियापद. 'सजेस्ट' हे क्रियापदच आहे आणि त्याचे नाम 'सजेशन' होते, म्हणून 'ही गेव्ह मी अ सजेस्ट' चुकीचे ठरते. उलट 'होमवर्क' हे नामच असल्यामुळे इंग्रजीलाही तेथे 'करणे' जोडावे लागते, आणि 'डू युअर होमवर्क' हे आपल्या सवयीचे वाक्य जसेच्या तसे बरोबर असते.