गॉशेचं औषध घरून दवाखान्यात नेताना
माझ्या लेकीला गॉशे हा दुर्मिळ आनुवंशिक आजार आहे; त्यात शरीरात एक एन्झाइम कमी पडतं. दर दोन आठवड्यांनी तिला इमिग्लुसरेज हे त्या एन्झाइमची उणीव भरून काढणारं औषध शिरेतून द्यावं लागतं. कुप्या फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांतच ठेवा. दारात नको, बर्फाच्या कप्प्याजवळ तर नकोच. गोठलेलं औषध वापरू नये. सिडकोतून निघताना मी आइसपॅक आधी टॉवेलात गुंडाळते, मग डब्यात कुप्या ठेवते. मे महिन्यातल्या नाशिकच्या उन्हात डबा डिकीत नाही, माझ्या मांडीवर असतो.

पावडरीचं औषध पाण्यात कालवताना सिस्टरना आवर्जून सांगा, "ताई, कुपी जोरात हलवू नका, हळूच फिरवा." सलाइन चालू असताना अंगावर गांधी उठल्या, थंडी वाजली, धाप लागली तर लगेच हाक मारा. खर्च परवडणारा नाहीच. २०२१च्या दुर्मिळ आजार धोरणाखालच्या मदतीबद्दल मुंबईच्या केईएम रुग्णालयात विचारा.