परकीय भाषेचं शिक्षक-प्रशिक्षण: कोर्स निवडताना काय पाहावं

भाषेची वरची परीक्षा पास झाली की शिकवायला हरकत नाही, असं बऱ्याच जणांना वाटतं. भाषा पक्की हवीच. युरोपीय भाषांसाठी ए१ ते सी२ ही सहा पातळ्यांची चौकट कौन्सिल ऑफ युरोपने २००१ मध्ये प्रसिद्ध केली. त्यातली वरून दुसरी, म्हणजे सी१, तरी गाठलेली असावी, असं माझं मत आहे. मात्र प्रमाणपत्रातून सगळंच कळत नाही. जपानीच्या जेएलपीटी या प्रमाणपत्र परीक्षेत बोलण्याची चाचणीच नसते, त्यामुळे एन१ ही तिची सगळ्यात वरची पातळी पास झालेल्यालाही वर्गात उभं राहण्याआधी बोलण्याची वेगळी तयारी करावी लागते.

कोर्स निवडताना मी एकच गोष्ट आधी बघायला सांगेन: खऱ्या विद्यार्थ्यांपुढे किती तास शिकवायला मिळतं आणि त्या वेळी मागे बसून कोण बघतं? इंग्रजी शिक्षकांसाठीच्या ‘सेल्टा’ या कोर्समध्ये १२० तासांच्या प्रशिक्षणात ६ तास प्रत्यक्ष शिकवणं असतं, शिवाय ६ तास अनुभवी शिक्षकांचे वर्ग बघणं. गोएथे इन्स्टिट्यूटच्या ‘डॉइच लेरेन लेर्नेन’ या जर्मन शिक्षकांसाठीच्या कोर्समध्ये स्वतःच्याच वर्गातला एखादा प्रश्न घेऊन छोटा प्रकल्प करावा लागतो. काही कोर्समध्ये मात्र सहाध्यायीच विद्यार्थी होऊन समोर बसतात. त्याने सुरुवातीची भीड चेपते, पण ज्याला भाषा येते तो न येण्याचं सोंग किती घेणार? त्याच्या चुका खऱ्या नसतात आणि गोंधळही खरा नसतो.

सरावाच्या पाठात सगळ्यात जास्त घाम निघतो तो ‘समजलं का?’ हा प्रश्न सोडताना. त्यावर अख्खा वर्ग ‘हो’ म्हणतो आणि आपल्या हाती काहीच लागत नाही. समजा, फळ्यावर जर्मन वाक्य आहे: ‘इश वोने हिअर झाइट द्राय यारेन’, म्हणजे मी तीन वर्षांपासून इथे राहतो. आता विचारायचं ते असं: तो आज इथे राहतो का? राहायला कधी आला? पुढच्या आठवड्यात इथे असेल का? पहिल्या दोन प्रश्नांना वाक्यात उत्तर आहे, तिसऱ्याला नाही. ‘सांगता येत नाही’ असं वर्गातून आलं, की वाक्यातला काळ नीट पोचला म्हणायचा. असे तीन-चार प्रश्न पाठाच्या टिपणात आधीच लिहून ठेवा. ऐन वेळी ते सुचत नाहीत, आणि विचारल्यावर उत्तरासाठी थांबणं तर त्याहून अवघड. दोन-तीन सेकंदांची शांतता वर्गात फार मोठी वाटते, पण ती सोसायला शिका. मागच्या बाकावरचं उत्तर बहुतेक वेळा तिच्यानंतरच येतं.

चुका दुरुस्त करणं हा दुसरा मोठा भाग. विद्यार्थी चुकला की आपण पटकन बरोबर वाक्य म्हणून मोकळे होतो. लिस्टर आणि रांटा या संशोधकांनी १९९७ मध्ये कॅनडातल्या फ्रेंच माध्यमाच्या वर्गांचा अभ्यास केला. तिथेही शिक्षक हीच पद्धत सर्वाधिक वापरत होते, पण मुलांनी स्वतःहून चूक सुधारण्याच्या बाबतीत ती सगळ्यात तोकडी पडली. म्हणून चुकीच्या जागी थांबून नुसतं सूचक बघा, किंवा वाक्य चुकीच्या शब्दापर्यंत म्हणून सोडून द्या. विद्यार्थ्याला ते स्वतः पुरं करू द्या.

व्याकरणाची पुस्तकं, अध्यापनपद्धतींचा इतिहास वगैरे वाचून होतं. त्याची फार चिंता नको.

दुसऱ्याचा वर्ग बघायला बसाल तेव्हा मात्र कोपऱ्यात अशी जागा धरा, जिथून विद्यार्थ्यांचे चेहरे दिसतील. शिक्षक काय बोलला हे सगळेच टिपतात. तुम्ही कोण बोललं, कोण पूर्ण तासभर गप्प होतं, सूचना दिल्यावर किती जणांनी शेजाऱ्याच्या वहीत डोकावलं, हे लिहा. पाठानंतरच्या चर्चेत या नोंदी त्या शिक्षकालाही हव्या असतात, आणि पुढचा पाठ तुमचा असेल तर आधी कोणाला बोलतं करायचं हेही त्यातूनच ठरतं.