पगच्या नाकावरच्या वळीला वास आणि लाली: काय केल्यावर गेलं

मी पग, चपट्या तोंडाचा छोटा कुत्रा. नाक आणि डोळ्यांच्या मध्ये आमची जी जाड वळी असते, तिच्यात ओल साचून आंबूस वास यायला लागला. आतली कातडी लालभडक, त्यावर तपकिरी चिकट मळ. मी दिवसभर तोंड सोफ्याला घासायचो. (वास मला आवडायचा, तक्रार घरच्यांची.)

आजीने खोबरेल लावलं, दादाने पावडर टाकली. तेलाखाली ओल अडकली, पावडरीच्या गुठळ्या झाल्या. ऐन पावसाळ्यात मला कुणी मांडीवर घेईना!

शेवटी डॉक्टरांनी मळ काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला: यीस्ट, म्हणजे एक प्रकारची बुरशी. त्यांनी मलम दिलं आणि क्रम सांगितला.

सकाळी फिरून आल्यावर, मी दमलेला असताना, वळी अंगठ्याने वर ताणून धरायची. क्लोरहेक्सिडीनचा (हे जंतुनाशक) ओला वाइप बोटाला गुंडाळून या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायचा. डोळ्यात अजिबात जाऊ द्यायचा नाही, त्याने बुबुळाला इजा होते आणि आमचे डोळे आधीच बाहेर आलेले. मग कोरड्या सुती कापडाने टिपायचं, घासायचं नाही. हीच पायरी घाईत गाळली जाते, आणि खरा गुण हिचाच. वळी पूर्ण कोरडी झाली की मलमाचा अगदी पातळ थर. लगेच खाऊ, नाहीतर उद्या मी पलंगाखाली.

लाली गेल्यावर डॉक्टरांनी मलम थांबवलं. पुसणं आठवड्यातून दोन-तीनदा, पावसाळ्यात रोज. शेपटीच्या वेटोळ्याखालीही बघा, तिथेही हेच होतं.