पायलोनायडल सायनस: छोट्या छेदाची शस्त्रक्रिया कशी करून घ्यावी

माकडहाडाजवळ, नितंबांच्या फटीत गाठ येते, फुटते, पू वाहतो. थोडे दिवस बरं वाटतं, मग पुन्हा तेच. विशीतली मुलं हे महिनोन्‌महिने घरी सांगत नाहीत आणि तेवढ्यात त्वचेखालचा पोकळ मार्ग, म्हणजेच सायनस, लांबत जातो. गळून पडलेले केस घर्षणाने कातडीत शिरतात, त्यातून हा आजार होतो. अस्वच्छतेशी त्याचा संबंध जोडून लाजू नका. दुसऱ्या महायुद्धात जीपमधून धक्के खात फिरणाऱ्या अमेरिकी सैनिकांमध्ये तो इतका वाढला की त्याला ‘जीप डिसीज’ म्हणू लागले.

आधी जनरल सर्जनकडे जा. गाठ कधीपासून आहे, किती वेळा फुटली, पूर्वी काही शस्त्रक्रिया झाली का, हे सांगा. भगंदर नाही ना, याची खात्री डॉक्टर तपासून करतील. शंका उरली तरच एमआरआय लागतो.

गळू ठणकत असेल, तर आधी छेद देऊन पू काढावा लागतो. मूळ शस्त्रक्रिया सूज उतरल्यावर. घरी दाबून पू काढू नका. नुसत्या अँटिबायोटिकने आतले केस जात नाहीत.

मग पद्धत ठरवायची, आणि इथे घाई नको. ‘पिट पिकिंग’मध्ये फटीतली छिद्रं तांदळाच्या दाण्याएवढ्या कातडीसह काढतात. दुर्बिणीच्या पद्धतीत कॅमेऱ्याने आत पाहत केस चिमट्याने ओढून काढतात आणि मार्गाची भिंत जाळतात. ही पद्धत इटलीतले सर्जन पिएरकार्लो मेइनेरो यांनी पुढे आणली. लेझरमध्ये मार्ग साफ करून आत लेझर किरण नेणारी बारीक तार (फायबर) घालतात आणि उष्णतेने तो मिटवतात. तिन्हींत जखम लहान राहते, बहुतेक वेळा त्याच दिवशी घरी जाता येतं आणि काम लवकर सुरू होतं.

पण आजार पुन्हा होण्याची शक्यता राहते. फाटे फुटलेल्या किंवा वारंवार उलटलेल्या सायनसला लिंबर्ग किंवा कॅरिडाकिस फ्लॅप (सगळा भाग कापून काढून शेजारची कातडी सरकवून जखम झाकणारी मोठी शस्त्रक्रिया) अनेकदा जास्त भरवशाचा ठरतो. म्हणून सर्जनना थेट विचारा: माझ्यासाठी हीच पद्धत का? तुम्ही अशा किती केल्या आहेत? पुन्हा झालं तर पुढे काय? ‘परत होणारच नाही’ अशी हमी देणाऱ्या जाहिरातीवर माझा तरी विश्वास नाही. विम्याची मंजुरीही आधीच घ्या.

शस्त्रक्रियेआधी तंबाखू-सिगारेट बंद करा, मधुमेह असेल तर साखर आटोक्यात आणा, रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर सांगा. उपाशी किती तास राहायचं, ते भूलतज्ज्ञ सांगतील.

घरी आल्यावर काही दिवस थोडा लालसर स्राव येतो. सर्जननी परवानगी दिल्यावर रोज आंघोळ करा, जागा टिपून कोरडी करा, पॅड बदला. खड्ड्यांतून दुचाकी चालवणं आणि तासन्‌तास बसणं टाळा. ताप, वाढती सूज किंवा न थांबणारा रक्तस्राव दिसला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

सगळ्यांत दुर्लक्षित राहतात ते केस. सायनसमध्ये डोक्याचे कापलेले बारीक केसही सापडतात, म्हणून केस कापून आल्यावर लगेच आंघोळ करा. जखम भरल्यावर त्या भागाचे केस लेझरने काढण्याबद्दल सर्जनना विचारा. त्याने आजार उलटण्याचं प्रमाण कमी होतं.