गेमिंगसाठी स्वस्त प्रोसेसर घेताय? या चुका टाळा

यूट्यूबवर एक प्रोसेसर दुसऱ्याला चांगलाच मागे टाकतो आणि आपल्या घरी दोन्ही सारखेच चालतात, ही तक्रार नेहमीची. तुलना करणारे मुद्दाम सगळ्यांत तगडं ग्राफिक्स कार्ड लावतात, म्हणजे कार्ड आडवं येत नाही आणि प्रोसेसरमधला फरक उघडा पडतो. पद्धत बरोबरच आहे. पण तुम्ही लावणार जीटीएक्स १६५०, तेही वापरलेलं. मग इंटेलचा आय३-१२१००एफ घ्या की आय५-१२४००एफ, बऱ्याच गेममध्ये कार्डच आधी दमतं.

खात्री करायची तर गेम चालू असताना टास्क मॅनेजर बघा. कार्डचा वापर ९५ टक्क्यांच्या वर असेल तर प्रोसेसर बदलून पैसे वाया जातील. कार्ड ६०-७० वर रेंगाळतंय, एफपीएसला (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेमना) मर्यादा घातलेली नाही आणि तरी गेम अडखळतो, तर संशय प्रोसेसरवर घ्या. त्याचा एकूण वापर ४० टक्के दिसला म्हणून त्याला सोडू नका. एकच कोर (प्रोसेसरमधला काम करणारा भाग) भरला तरी गेम अडतो.

"भाऊ, आय-सेव्हनच पाहिजे!" तालुक्याच्या गावात हे रोज ऐकू येतं. मग नागपूरच्या बर्डीवरून ऑफिसातला जुना डबा येतो, आत आय७-२६००. हा प्रोसेसर २०११ सालचा. चार कोर, आठ थ्रेड (एका वेळी हाताळायची कामं). २०२२ च्या १२१००एफचेही तेवढेच, पण नव्याचा एकेक कोर कितीतरी वेगवान. जुन्यात एव्हीएक्स२ नावाचा आदेशसंच नाही, म्हणून काही नवे गेम सुरूच होत नाहीत. विंडोज ११ त्याला अधिकृतपणे चालत नाही आणि विंडोज १० चा आधार ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला. त्यात अशा डब्याचा एसएमपीएस (वीज पुरवणारा भाग) इतका लहान, की बरं कार्ड लावायची सोयच नसते. नावातला सात बघून पैसे मोजू नका.

कार्डाला बजेट नसेल तर एएमडीचा रायझन ५ ५६००जी हा शहाणा पर्याय, पण त्याचं निम्मं बळ रॅमच्या हाती आहे. त्याच्या आतच ग्राफिक्स आहे आणि ते रॅमच वापरतं. दुकानदार १६ जीबीची एकच स्टिक टाकून देतो, "पुढे वाढवता येईल" म्हणतो, आणि गेम रखडतो. ८-८ च्या दोन स्टिक घ्या. मदरबोर्डावर चार स्लॉट असतील तर साधारणपणे प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लावा, मग बायोसमध्ये (बोर्डाच्या सेटिंगमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅमला पूर्ण वेग देणारी सोय, चालू करा. नाहीतर ३२०० ची रॅम बऱ्याचदा कमी वेगावरच चालत राहते.

पुढे कार्ड घ्यायचंच ठरलं असेल तर सरळ रायझन ५ ५६०० घ्या. नाव जवळपास तेच, पण एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी) ३२ एमबी, ५६००जीला १६. शिवाय ५६००जीला कार्डाशी जोडणाऱ्या पीसीआयई मार्गाची जुनी ३.० आवृत्तीच मिळते, त्यामुळे आरएक्स ६५०० एक्सटीसारखं चारच लेन (डेटाच्या वाटा) वापरणारं कार्ड त्याच्यावर मार खातं.

"नवीन पीसीला डिस्प्लेच नाही" म्हणून फोन आला, तर आधी केबल विचारावी. नावाच्या शेवटी एफ असलेल्या प्रोसेसरमध्ये आतलं ग्राफिक्स नसतं, केबल कार्डालाच लावायची. ५६००जीवर उलटा घोळ: केबल बोर्डाला, म्हणून चित्र दिसतं, पण महागाचं कार्ड बऱ्याचदा नुसतं बसून असतं.

आता उन्हाळा. तुलनेतले आकडे एसीच्या खोलीतले. अकोला-चंद्रपूरकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. खोली वीस अंशांनी तापली, की प्रोसेसरही जवळपास तेवढाच वर चढतो. ५६००जीची मर्यादा ९५ अंश, १२१००एफची १००. तिथे पोचला की तो आपला वेग स्वतःच उतरवतो. पहिली पंधरा मिनिटं गेम मस्त आणि मग एफपीएस घसरतात, तर हेच समजा. भाव वाढेल म्हणून कापूस घरातच भरून ठेवला असेल, तर फॅन काढून हीटसिंकच्या पात्यांमध्ये बघा: धूळ आणि तंतू मिळून नमद्यासारखा थर बसलेला असतो, बोटाने सोलून निघतो. तो काढा, थर्मल पेस्ट नवी लावा. कॅबिनेट पाण्याच्या कूलरच्या तोंडापुढे मात्र ठेवू नका. ओलसर हवेत तीच धूळ आणखी घट्ट चिकटते.

रायझनचा जुना बी४५० मदरबोर्ड स्वस्तात मिळत असेल तर ५६०० साठी त्याचा बायोस अपडेट झालाय का, ते दुकानातच चालू करून बघा. घरी आणल्यावर अपडेट करायला बऱ्याचदा आधीचा एखादा जुना रायझन लागतो, आणि तो गावात कोणाकडे शोधणार?