शाळेच्या संमतीपत्रावर सही करताना: अमेरिकेतल्या पालकांसाठी

शाळा सुरू झाली की पहिल्याच आठवड्यात दप्तरातून कागदांचा गठ्ठा घरी येतो. उद्या परत द्यायचाय म्हणून रात्री जेवणं उरकल्यावर आपण भराभर सह्या ठोकतो. मीही तेच करायचे. पण त्यातला एक कागद बाजूला काढा: मुलाच्या नोंदी बाहेर कुणाला तरी द्यायची परवानगी मागणारा.

यासाठी इथे १९७४ पासून कायदा आहे, त्याला फर्पा म्हणतात. केंद्राच्या शिक्षण खात्याचा निधी घेणाऱ्या शाळांना तो लागू होतो, म्हणजे पब्लिक स्कूल जवळपास सगळ्या. खाजगी शाळा सहसा त्यात येत नाहीत, तिथे शाळेचे स्वतःचे नियम विचारून घ्या.

आता कागद वाचा. त्यात तीन गोष्टी स्पष्ट लिहिलेल्या हव्यात: कोणत्या नोंदी, कशासाठी आणि कुणाला. खाली सही आणि तारीख. ‘शैक्षणिक कामासाठी आवश्यक माहिती संबंधितांना देण्यास हरकत नाही’ अशा वाक्यात तिन्हींपैकी एकाचंही धड उत्तर नाही. आवश्यक म्हणजे काय, गुणपत्रक की वर्गातल्या भांडणाचा शेरा? मी असं वाक्य सरळ खोडते आणि वर लिहिते, ‘फक्त सातवीचं गुणपत्रक, उन्हाळी गणित शिबिराच्या प्रवेशासाठी’. शिबिराचं नावही घालते, बाजूला आद्याक्षरं. कार्यालयातल्या बाईंच्या कपाळावर एकदा आठ्या पडल्या, पण कागद घेतला. सही झाल्यावर मोबाइलवर फोटो काढून ठेवा. शाळेने बाहेर जे दिलं त्याची प्रत मागितलीत, तर तीही मिळायला हवी.

खरी गोम दुसऱ्याच कागदात असते. नाव, पत्ता, फोन, जन्मतारीख, फोटो, बक्षिसं, इतकंच काय संघातल्या खेळाडूचं उंची-वजन, हे शाळा ‘डिरेक्टरी इन्फर्मेशन’ ठरवू शकते आणि तुमच्या संमतीशिवाय देऊ शकते. यात काय काय धरलंय आणि नकार कधीपर्यंत कळवायचा, हे शाळेला आधी सांगावं लागतं. ती तारीख हुकवू नका, नकार लेखीच द्या. मात्र सरसकट नकार दिला तर वार्षिक अंकातला फोटोही जाऊ शकतो. हिरमुसलेलं पोर घरात नको असेल तर हे आधीच विचारून घ्या.

फाइलमध्ये मुळात आहे काय, हेही एकदा बघाच. लेखी मागणी केल्यापासून ४५ दिवसांच्या आत शाळेला ती दाखवावी लागते. चुकीचं काही आढळलं तर दुरुस्ती मागा. शाळेने नाही म्हटलं तर सुनावणी मागता येते. संमती न घेताच नोंदी बाहेर गेल्या असतील, तर ते कळल्यापासून १८० दिवसांत केंद्राच्या शिक्षण खात्याकडे तक्रार करता येते.

मूल नव्या शाळेत जाताना, जिवावरच्या प्रसंगात किंवा कोर्टाचा हुकूम असेल तर संमती लागत नाही. तिथे वाद घालण्यात वेळ घालवू नका.

मूल १८ वर्षांचं झालं, किंवा त्याआधीच कॉलेजात गेलं, की हे सगळे हक्क त्याच्याकडे जातात. फी तुम्ही भरत असलात तरी. मूल करासाठी तुमच्यावर अवलंबून असेल तर कॉलेज तुम्हाला गुण सांगू शकतं, पण सांगायलाच हवेत असं बंधन त्याच्यावर नाही.